रजा संपल्यावरचे दोन प्रवेश: बँकेतल्या एका अधिकाऱ्याचं प्रकरण

सरकारी बँकेतला अधिकारी, वय चाळिशीच्या अलीकडे, दक्षिण महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावची शाखा, टेबल कर्जाचं. नैराश्य आणि चिंताविकार अशा निदानावर तो जवळजवळ चार महिने आजारी रजेवर होता. ओळख पटू नये म्हणून समुपदेशक म्हणून मी पाहिलेल्या सारख्या दोन-तीन प्रकरणांतले तपशील इथे एकत्र केले आहेत, तेव्हा हे एका माणसाचं चरित्र म्हणून न वाचता नमुना म्हणून वाचावं.

रजेनंतर तो दोनदा कामावर रुजू झाला. पहिल्यांदा नऊ दिवसांत पुन्हा घरी बसला, दुसऱ्यांदा टिकला. गोळ्या त्याच, शाखा तीच, मॅनेजर मॅडमही त्याच. मॅडम दोन्ही वेळा त्याच्याशी चांगलंच वागल्या. फरक पडला तो त्याच्या टेबलावर काय ठेवलं यामुळे, आणि हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारणही तेच.

आधी आजार कसा वाढला ते पाहू. माणूस शेतकरी घरातला, परीक्षा देऊन बँकेत लागलेला, कामाला चोख. मार्चमध्ये शाखेत पीक कर्जाचं नवं-जुनं करायला रांग लागते. सातबारा, आठ अ, पिकाखालचं क्षेत्र, मागचं कर्ज फेडलं की नाही हे बघायचं आणि नवीन मर्यादा मंजूर करायची. त्याच महिन्यात थकीत खात्यांची वसुली, विमा पॉलिसींचं टार्गेट आणि वरच्या कार्यालयाची रोज संध्याकाळची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर शाखांची क्रमवारी पडायची आणि शेवटच्या तीन शाखांची नावं लाल रंगात असायची. हे सगळं बरीच वर्षं चाललं होतं आणि तो ते निभावतही होता. मोडला तो एका जुन्या फाईलवरून. आधीच्या अधिकाऱ्याच्या काळात दिलेलं एक व्यवसाय कर्ज बुडीत निघालं. नूतनीकरणावर सही याची होती, म्हणून खुलासा मागवला गेला. पुढे कारवाई काही झाली नाही. पण त्या पत्रानंतर त्याला सही करवेना.

एकेक फाईल तो चार-पाच वेळा तपासू लागला. घरी गेल्यावर गट नंबर बरोबर टाकला का, म्हणून शाखेतल्या शिपाईमामांना फोन. पहाटे तीनला जाग यायची, ती पुन्हा डोळा लागायचा नाही. छातीत धडधड झाली म्हणून सांगलीला जाऊन ईसीजी आणि टूडी इको काढला. दोन्ही चांगले आले, तेव्हा घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याला मात्र आपण नाटक करतोय की काय असं वाटायला लागलं. वडील म्हणाले, "एवढा पगार, सावलीतलं काम, तुला टेन्शन कसलं?" एका नातेवाइकाने बाहेरचं बघून यायला सांगितलं. डबा तसाच परत येतोय हे बायकोच्या लक्षात आलं, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे तीच त्याला घेऊन गेली. तिथे विचारल्यावर त्याने पहिल्यांदा कबूल केलं की गाडीवरून येताना समोरचा ट्रक बघून नको ते विचार येतात. (हे वाचणाऱ्या कुणाला असे विचार येत असतील तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.)

एवढ्यावरच बघितलं तर तो नशीबवान म्हणायचा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

रजेचा पहिला अर्ज घरच्या डॉक्टरांच्या दाखल्यावर गेला होता आणि त्यावर टायफॉइड लिहिलं होतं. दाखल्यावर खरं निदान लिहिलं तर ते शाखेत चहाबरोबर चघळलं जाईल, ही भीती खोटी नव्हती. पण टायफॉइड चार महिने कुणाला पुरत नाही. पुढची रजा मानसोपचारतज्ज्ञांच्या दाखल्यावर वाढली आणि शाखेला जे कळायचं ते कळलंच. वर 'आधी खोटं का सांगितलं' हेही चिकटलं. माझं मत विचाराल तर पहिल्याच दाखल्यावर तज्ज्ञांची सही आणि 'वैद्यकीय कारणास्तव विश्रांतीची गरज' एवढा मजकूर हा मधला मार्ग बरा. तेवढ्यावर भागत नसेल आणि निदान मागितलंच, तर ते बंद पाकिटात थेट बँकेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जावं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने उपचारांची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. तो वापरायचा तर सुरुवातीपासून वापरावा लागतो.

उपचार नेहमीचेच होते. नैराश्य आणि चिंतेवरची एस्सिटॅलोप्रॅम ही गोळी, सुरुवातीचे थोडे आठवडे झोपेसाठी क्लोनाझेपॅम, आणि दर आठवड्याला समुपदेशन. नैराश्य मोजायच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत २७ पैकी १९ गुण होते (गुण जितके जास्त तितका त्रास जास्त). दहा-बारा आठवड्यांनी ते ७ वर आले. झोप लागू लागली, जेवण सुधारलं, तो मुलीला शाळेत सोडायला जाऊ लागला. डॉक्टरांनी 'कामावर रुजू होण्यास पात्र' असा दाखला दिला.

आपल्याकडे हा दाखला एक तर पात्र म्हणतो, नाही तर अपात्र. मधलं काही नाही. ब्रिटनमध्ये २०१० पासून डॉक्टरांच्या दाखल्यात तिसरा पर्याय आहे: अमुक सोयी केल्या तर हा माणूस काम करू शकेल. त्यात कामाचे तास हळूहळू वाढवणं, कामाचं स्वरूप बदलणं, वेळा बदलणं, जागेत बदल करणं अशा चार खुणा करता येतात. तिथेही सगळं गोडच चालतं असं नाही, पण निदान प्रश्न कागदावर येतो. आपल्याकडे तो मॅनेजरच्या स्वभावावर सोडलेला असतो.

हा तिसरा पर्याय का लागतो ते नैराश्यातून सावरण्याच्या क्रमात दिसतं. झोप, भूक आणि मन आधी सुधारतं. एकाग्रता, वाचलेलं लक्षात राहणं, दोन पर्यायांतून एक निवडणं हे मागून येतं, कधी कधी काही महिन्यांनी. प्रश्नावलीत एकाग्रतेचा प्रश्न एकच आहे, त्यामुळे एकूण गुण ७ दाखवतात आणि माणूस पानभर मजकूर दोनदा वाचूनही रिकामाच राहतो. घरात हे कळत नाही, कारण घरी कुणी त्याच्यासमोर कर्जप्रकरणाचा मूल्यांकन अहवाल ठेवत नाही. बँकेत ते पहिल्या दिवशी कळतं.

पहिला प्रवेश

मॅडमनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की साहेबांना त्रास द्यायचा नाही. त्यांच्या टेबलावरच्या फाईली धाकट्या अधिकाऱ्याकडे दिल्या होत्या. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे असायची, तीही दुसऱ्याकडे गेली. "तुम्ही नुसते या, बसा निवांत. दोन-चार आठवडे काही हातात घेऊ नका," असं त्या म्हणाल्या. त्यांनी हे मनापासून केलं होतं, हे तोही मान्य करतो.

निवांत बसलेल्या कर्ज अधिकाऱ्याची अवस्था काय होते? सकाळी साडेदहाला ओळखीचे शेतकरी येतात. "साहेब, आलात का? आमचं तेवढं बघा की." त्यांना पलीकडच्या टेबलावर पाठवावं लागतं. धाकटा अधिकारी आधीच दोघांचं काम ओढतोय. तो काही बोलत नाही, पण सात वाजेपर्यंत बसतो, आणि हा पाचला निघतो. व्हॉट्सॲपचा ग्रुप तसाच चालू असतो आणि मोकळ्या वेळात तो वाचण्याखेरीज दुसरं काही करायला नसतं. चौथ्या दिवशी तो जुन्या फाईली काढून तपासत बसला, मंजूर होऊन पैसे वाटून झालेल्या फाईली. सातव्या दिवशी त्याची खात्री झाली की किल्ली काढून घेतली म्हणजे आपल्यावरचा विश्वास गेला, आता बदली किंवा सक्तीची निवृत्ती. नवव्या दिवशी वरून तपासणीला साहेब येणार होते. मॅडम म्हणाल्या, "आज तुम्ही घरीच थांबा, उगाच दगदग नको." तो घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन आला की ते अंथरुणातून उठत नाहीयेत.

चिंताविकारात टाळणं हेच आजाराचं खाद्य असतं. ज्याची भीती वाटते ते टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती मोठी होऊन येते. इथे अख्ख्या शाखेने मिळून त्याच्या वतीने टाळलं. नैराश्याच्या बाजूनेही ते वाईटच होतं, कारण दिवसाअखेर 'आज हे केलं' म्हणून दाखवायला हातात काही नव्हतं. समुपदेशनातही तोवर झोप, विचार, बालपण, वडील असं सगळं बोलून झालं होतं. टेबल आणि फाईल याबद्दल मात्र फार थोडं. नेदरलँड्समधल्या २०१२ च्या एका अभ्यासात याच गोष्टीची तुलना केली होती. नेहमीच्या बोधात्मक वर्तन उपचारात (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारं समुपदेशन) कामावर परतण्याचा विषय सुरुवातीपासून गुंफला, तर माणसं पूर्ण कामावर ६५ दिवस आधी पोचली. लक्षणं दोन्ही गटांत सारखीच कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही रजेवरच्या माणसासाठी नुसत्या उपचारांबरोबरच, उपचार आणि कामाची आखणी जोडीने करण्याचा पर्याय सुचवतात.

दुसऱ्या प्रवेशाची तयारी

या वेळी आम्ही तीन आठवडे घेतले, आणि ते मुख्यतः एका कागदावर गेले. त्याच्या खुर्चीवर येणारं प्रत्येक काम त्याने लिहून काढलं. प्रत्येकापुढे तीन प्रश्न होते. हे काम संपलं हे कधी कळतं? निर्णय नियम घेतो की मी? चूक झाली तर कुणाला कधी कळते?

यादी झाल्यावर जे दिसलं ते त्यालाही अनपेक्षित होतं. कष्टाच्या कामांची त्याला भीती नव्हतीच. दोन लाखांपर्यंतच्या बिनतारणी पीक कर्जाचं नवं-जुनं हे किचकट, रांगेचं काम, पण क्षेत्र आणि पिकाचा ठरलेला दर धरला की रक्कम निघते. अर्ध्या तासात फाईल संपते आणि चूक असली तर दुसऱ्या सहीच्या वेळी सापडते. कुक्कुटपालनाच्या शेडचं किंवा व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिटचं (धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाचं) प्रकरण मात्र कधीच संपत नाही. मालाचा साठा खरा का, पुढच्या वर्षी धंदा कसा चालेल, हे अंदाजाने ठरवायचं, आणि चुकलं की नाही हे तीन वर्षांनी कळणार. त्याला आजारी पाडणारा खुलासा याच जातीच्या फाईलवरचा होता. विमा पॉलिसींचं टार्गेट तर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा शून्यावर येतं.

म्हणजे ज्याला सगळे हलकं काम म्हणत होते, नुसतं बसणं, त्यात शेवट कुठे हेच नव्हतं. आणि ज्याला जड म्हणून काढून घेतलं होतं, त्यातलं बरंचसं त्याला झेपणारं होतं. तिजोरीची किल्ली यातलं सगळ्यात ठळक उदाहरण. सकाळी दोघांनी मिळून उघडायची, संध्याकाळी रोकड जुळली की दोघांनी बंद करायची. जबाबदारी मोठी आहे, पण रोज संध्याकाळी ती संपते, आणि सोबत माणूस असतो. त्याने ती परत मागितली. मॅडम दचकल्या. कुणीही दचकलं असतं, आजारी रजेवरून आलेल्या माणसाला किल्ली द्यायची म्हणजे काय. त्यांनी डॉक्टरांचं मत विचारलं. गोळ्यांमुळे येणारी सकाळची गुंगी आता राहिलेली नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी किल्ली दिली.

त्याच्या लेखी संमतीने मॅडमबरोबर एक बैठक झाली. निदान, गोळ्या, घरचं याबद्दल तिथे एक शब्द निघाला नाही. फक्त कागद समोर ठेवला. मॅडमच्याही अडचणी खऱ्या होत्या. शाखेत दोन जागा रिकाम्या, अर्ध्या दिवसाच्या कामाची कुठलीच तरतूद नाही आणि विम्याच्या आकड्यातून शाखेला सूट मिळणार नाही. त्यांनी जे मान्य केलं ते सगळं मॅनेजरच्या अधिकारात बसणारं होतं. पहिला महिना फक्त दोन लाखांपर्यंतची प्रकरणं, दिवसाला आठ, त्यापलीकडची दुसऱ्या दिवशी. दुसरी सही मॅडमची. व्यवसाय कर्जं धाकट्याकडेच, पण त्याबदल्यात धाकट्याकडची सगळी नवी-जुनी याच्याकडे, म्हणजे तो मोकळा होईल. माझ्या मते ही अदलाबदल म्हणजे या योजनेतला सगळ्यात शहाणा भाग. पहिल्या वेळी धाकट्यावर फक्त ओझं आलं होतं, या वेळी त्यालाही काहीतरी मिळालं, आणि सहकाऱ्याचा राग कमी करायला सहानुभूतीची भाषणं लागली नाहीत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून महिनाभर बाहेर. व्हीसीला मॅडम एकट्या बसणार.

सहकाऱ्यांना काय सांगायचं याचीही तयारी केली. एकच वाक्य ठरलं: "तब्येत बिघडली होती, औषधं चालू आहेत, आता काम करायला आलोय." पहिल्या दिवशी कॅशिअरने टायफॉइडचं विचारलंच. त्याने तेच वाक्य म्हटलं. कॅशिअरने पुढे विचारलं नाही. शिपाईमामांनी तर चहा ठेवत एवढंच विचारलं, "आजपासून रोज साखर कमी का पूर्वीसारखी?"

तपासण्याची सवय मोडणं हे खरं मेहनतीचं काम होतं. एक छापील तपासणी यादी केली. प्रत्येक बाबीवर एकदाच खूण, मग सही, मग फाईल मॅडमच्या टेबलावर, आणि तिथून परत मागायची नाही. पहिल्या दिवशी आठपैकी पाचच झाल्या. सही केल्यावर हात आखडायचा, ती अस्वस्थता तशीच सोसायची आणि पुढची फाईल ओढायची, हे ठरलेलं होतं. फाईल गेल्यावर 'यात चूक असेल' याची खात्री किती, हे तो वहीत टक्क्यांत लिहायचा. पहिल्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी ऐंशी-नव्वद लिहिलेलं आहे.

आणि त्याच आठवड्यात खरीच चूक सापडली. एका प्रकरणात गट नंबर शेजारच्या शेताचा पडला होता. मॅडमनी फाईल पाठवली, पेन्सिलीने गोल केलेला, बाजूला 'दुरुस्त करा', बस. धाकट्याच्या फाईली त्या जशा परत पाठवतात तशीच. त्याने दुरुस्ती केली, पाच मिनिटं लागली. पुढच्या भेटीत तो याच प्रसंगावर जवळजवळ तासभर बोलला. खुलासा न मागता दुरुस्त होणारी चूक त्याने वर्षभरात बघितली नव्हती. समुपदेशनाच्या खोलीत 'चुका सगळ्यांच्याच होतात' हे मी कितीही वेळा म्हटलं असतं तरी त्या पेन्सिलीच्या गोलाची बरोबरी झाली नसती.

सरळ रेषेत काही झालं नाही हेही नोंदवायला हवं. सहाव्या आठवड्यात वसुलीच्या दौऱ्यावर जावं लागलं. यादीत ते काम तिसऱ्या महिन्यात होतं, पण माणूसच नव्हता. जीपमध्ये त्याला धडधड सुरू झाली, घाम फुटला. तो उतरला, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसला, लक्षणं ओसरेपर्यंत थांबला आणि उरलेल्या दोन घरांना गेला. घरी परत पाठवायची ऑफर ड्रायव्हरने दिली होती. ती त्याने घेतली नाही याला मी फार महत्त्व देतो. दुसऱ्या दिवशी रजा न घेता तो नेहमीच्या वेळेला शाखेत होता, त्यामुळे हा प्रसंग एका दुपारपुरता राहिला.

कायद्याचा मार्ग घ्यायचा का, हा प्रश्न मध्ये आला होता. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार येतो, आणि त्यात वाजवी सोयी देण्याची कल्पना आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये रविंदर कुमार धारिवाल प्रकरणात केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या अधिकाऱ्याच्या बाजूने निकाल देताना म्हटलं की मानसिक आजाराशी जोडलेल्या वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई सुरू करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. निकाल मोठा आहे, आणि नोकरीवरच गदा आली असती तर त्याचा आधार घ्यावाच लागला असता. पण तो अधिकारी तिथपर्यंत पोचला तो वर्षानुवर्षं भांडून. आमच्या माणसाला दिव्यांगत्वाचा दाखला नको होता, पहिल्याच झटक्यातून सावरणाऱ्याला तो मिळेलच असंही नव्हतं, आणि त्याला हव्या होत्या त्या गोष्टी मॅनेजरच्या सहीने होण्यासारख्या होत्या. अशी मॅनेजर सगळ्यांना लाभत नाही हे उघड आहे. अशा वेळी मी निदान विनंती लेखी द्यायला सांगतो, आजाराचं नाव न लिहिता, कामांची यादी जोडून. लेखी कागदाला 'नाही' म्हणताना कारण लिहावं लागतं.

चौथ्या महिन्यात पहिलं व्यवसाय कर्ज त्याच्या टेबलावर आलं, धाकट्याबरोबर जोडीने. पुढच्या मार्चमध्ये तो ग्रुपवर होता, सूचना मात्र संध्याकाळी सातनंतर बंद. विम्याच्या टार्गेटबद्दल त्याचं मत अजूनही शिवीच्या स्वरूपाचं आहे, आणि ते मला आजाराचं लक्षण वाटत नाही.

जूनमध्ये बदलीचा आदेश आला, शेजारच्या जिल्ह्यात. नव्या मॅनेजरना आजाराबद्दल सांगायचं नाही असं त्याने ठरवलं. चार्ज घेताना जुन्या थकीत फाईलींची स्वतंत्र यादी करून तीवर दोघांच्या सह्या घ्यायच्या, एवढाच आग्रह धरायचा. चार्ज देण्या-घेण्याची रीतच तशी असल्यामुळे त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नाही. डॉक्टर गोळीचा डोस याच सुमारास कमी करायला सुरुवात करणार होते. बरं वाटू लागल्यावरही औषध किमान सहा ते नऊ महिने चालू ठेवायचं असतं, ती मुदत होत आली होती. पण नवी शाखा, नवं घर, मुलीची नवी शाळा आणि डोस कमी करणं हे एकाच महिन्यात नको, म्हणून ते दिवाळीनंतर बघायचं ठरलं आहे.